तेल पोचतं कुठवर?

काष्ठौषधींच्या दुकानात 'ओव्याचं फूल' मागितलं की दुकानदार बरणीतून खडीसाखरेसारखे पांढरे स्फटिक काढून देतो. ते फूल नसतं. ओव्याचं तेल थंड करून त्यातून वेगळं होणारं थायमॉल असतं, आणि हल्ली तर तेही बहुतेक कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं. त्यात पुदिन्याचं फूल आणि कापूर घालून खललं की एक गंमत होते: तिन्ही कोरडे पदार्थ एकमेकांना लागताच पाघळतात आणि खलात पातळ द्रव उरतो. घरोघरची अमृतधारा ती हीच. दात दुखला, पोटात मुरडा आला, नाक चोंदलं, विंचू चावला, सगळ्यावर ती एकच बाटली.

हेच थायमॉल एके काळी जगाच्या बाजारातला महत्त्वाचा माल होता. पहिल्या महायुद्धापूर्वी ते मुख्यतः जर्मनीत तयार होई आणि त्यासाठी लागणारा ओवा हिंदुस्थानातून जाई. 1914 साली लढाई पेटली, ओव्याची वाट बंद झाली आणि थायमॉल दुर्मीळ झालं. त्याची मोठी गरज होती अंकुशकृमीवर. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत 1909 ते 1914 या काळात रॉकफेलर यांच्या देणगीतून चाललेल्या आयोगाने लाखो लोकांच्या आतड्यांतले हे जंत थायमॉल देऊन पाडले. औषधाबरोबर पथ्य सांगितलं जाई ते कडक. वर रेचक घ्या, आणि त्या दिवशी लोणी नको, तेल नको, दारू तर मुळीच नको. कारण थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतं, पण स्निग्धात आणि अल्कोहोलमध्ये झटकन. तसं विरघळलं की ते आतड्यातून रक्तात शिरणार आणि जंतांऐवजी रोग्यालाच विषबाधा होणार. औषधाने आतड्यात राहावं, जंत मारावेत आणि रेचकाबरोबर बाहेर पडावं, एवढीच अपेक्षा.

जंत म्हणजे जीवाणू नव्हेत, हे मान्य. तरी सुगंधी तेलांच्या जंतुनाशक गुणांवरचे शोधनिबंध वाचताना मला हे पथ्य पुन्हा पुन्हा आठवतं. तेल जंतू मारतं का, या प्रश्नाचा निकाल कधीच लागला आहे: मारतं. ते पुरेशा जोराने जंतूपर्यंत पोचतं कुठे, हा प्रश्न मात्र बहुतेक निबंध शेवटच्या परिच्छेदापर्यंत टाळतात, आणि जाहिराती कायमचाच टाळतात.

आधी नावाचा घोळ मिटवू. 'इसेन्शियल ऑइल' या शब्दातलं इसेन्शियल म्हणजे अत्यावश्यक नव्हे. ते 'इसेन्स'वरून आलेलं आहे, म्हणजे अर्क. करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाशी याचं नातं नाही. घाण्याचं तेल कागदावर कायमचा डाग पाडतं, हे तेल उडून जातं. झाडाला त्याचा उपयोग कीड, बुरशी आणि चरणारी जनावरं दूर ठेवायला होतो, काहींना परागण करणारे कीटक बोलवायलाही. आपण ते वाफेने काढतो: पाला भट्टीत भरायचा, खालून वाफ सोडायची, वाफ थंड करायची, पाण्यावर तरंगणारं तेल वेगळं करायचं. लवंगेचं तेल मात्र पाण्याहून जड, ते तळाला बसतं. उतारा वस्तूगणिक बदलतो. लवंगेतून शंभर किलोला पंधरा किलोपर्यंत तेल निघतं, ओव्यातून दोन ते चार किलो, गवती चहातून अर्धा किलोच्या आसपास. गुलाबाच्या शंभर किलो पाकळ्यांतून मिळतं ते काही ग्रॅमच. म्हणून गुलाबाच्या तेलात भेसळ होते, आणि त्या भेसळीच्या इतिहासात आपला खानदेश येतो.

सातपुड्याच्या उतारावर आणि खानदेशाच्या माळांवर रोशा गवत वाढतं. त्याचं तेल मुंबईहून तुर्कस्तानला जाई आणि तिथून बल्गेरियाच्या गुलाब अत्तरात मिसळलं जाई, कारण दोन्हींत जिरॅनिऑल नावाचं द्रव्य असतं. युरोपात या तेलाला 'तुर्की जिरॅनियम' म्हणत. त्याचा तुर्कस्तानशी संबंध तेवढाच आणि जिरॅनियमच्या झाडाशी तोही नाही. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. या रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. शेजारी शेजारी उगवले तर नवख्याला ओळखू येणार नाहीत. मोतियाच्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक जिरॅनिऑल असतं, सोफियाच्या तेलात ते बरंच कमी आणि बाकीची घटकद्रव्यं वेगळी. वनस्पतीचं शास्त्रीय नाव एक, बाटलीतलं रसायन दोन. फ्रान्सच्या दक्षिणेला रानटी थाइमचे असे सहा रासायनिक प्रकार नोंदले आहेत; एकात थायमॉल, दुसऱ्यात कार्व्हाक्रॉल, तिसऱ्यात लिनॅलूल. दालचिनीचं तर एकाच झाडावर दुहेरी राज्य आहे. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, पानाच्या तेलात लवंगेचं युजेनॉल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' दालचिनी परसात असेल तर पान आणि साल वेगवेगळी चुरगळून पाहावी, नाकालाच फरक कळतो. तेव्हा 'तुळशीच्या तेलाने अमुक जीवाणू मरतो' हे वाक्य अर्धवटच म्हणायचं. कोणती तुळस, कुठली, कधी कापलेली, तेलात काय किती टक्के, हे सांगितल्याशिवाय दुसऱ्या माणसाला तो प्रयोग परत करताच येत नाही.

या तेलांची जंतूंशी गाठ घालून देणारे पहिले लोक किरकोळ नव्हते. जोसेफ लिस्टर यांनी 1867 साली कार्बोलिक आम्लाने, म्हणजे फिनॉलने, जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत मांडली, आणि थायमॉल हे रसायनाच्या कुळाने कार्बोलिक आम्लाचं भावंडच. रॉबर्ट कॉख यांनी 1881 साली काळपुळीच्या जीवाणूंच्या बीजाणूंवर अनेक जंतुनाशकं तपासली, त्यांत टर्पेंटाइनचं तेल होतं. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी 1887 साली याच जीवाणूवर सुगंधी तेलांची मालिका लावली. ऑस्ट्रेलियात 1920च्या दशकात आर्थर पेनफोल्ड यांनी टी ट्रीचं तेल कार्बोलिक आम्लाच्या दहापटीहून अधिक प्रभावी असल्याचं मांडलं. त्या झाडाची पानं तिथले मूळ रहिवासी आधीपासून जखमांना लावत होते, हे सांगायचं राहू नये. पुढे पेनिसिलीन आलं आणि ही सगळी मंडळी मागच्या बाकावर गेली. फ्रान्सच्या गॅटफोसे यांनी 1937 साली 'अरोमाथेरपी' हा शब्द पुस्तकाच्या नावात घातला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे जखमा आणि जंतू होते. आज त्या शब्दाने मालिशवाल्याचं दुकान आठवतं.

तेल मारतं कसं, याचा उलगडा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बराच झाला. जीवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा पातळ पडदा असतो. तेलही स्निग्धप्रेमी, म्हणून ते पाण्यातून सुटून त्या पडद्यात घुसतं. पडदा सैल होतो, आतलं पोटॅशियम गळायला लागतं, आत-बाहेरचा आम्लतेचा फरक मोडतो आणि पेशीची ऊर्जा बनवणारी व्यवस्था बंद पडते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी भात नासवणाऱ्या बॅसिलस सेरिअस जीवाणूवर कार्व्हाक्रॉल वापरून हे दाखवलं. त्याच कामात त्यांनी कार्व्हाक्रॉलचा जवळचा भाऊ सायमीन तपासला. त्याच्यात फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट नाही, बाकी घडण तीच. सायमीन पडद्यात शिरून तो फुगवतं, पण मारत नाही. म्हणून थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल ही फिनॉलं असलेली ओवा, ओरेगानो आणि लवंगेची तेलं जवळजवळ प्रत्येक तुलनेत वरच्या क्रमांकांवर असतात. दालचिनीच्या सालीच्या तेलाचा आणि गवती चहाचा मार्ग वेगळा, तिथे अल्डिहाइडं थेट प्रथिनांना जाऊन चिकटतात. लॅव्हेंडर, संत्रं यांची तेलं नाकाला प्रिय, पण या कामात बेताची.

काही जीवाणू मात्र दाद देत नाहीत. ग्रॅम-निगेटिव्ह गटाच्या जीवाणूंना आणखी एक बाहेरचं आवरण असतं आणि ते तेलाला अडवतं. त्यातला स्यूडोमोनास एरुजिनोसा तर आत आलेलं तेल पंपाने बाहेर फेकतो. स्टॅफिलोकोकस ऑरियसला टी ट्रीचं तेल साधारण अर्ध्या ते सव्वा टक्क्यात रोखतं, स्यूडोमोनासला रोखायला आठ टक्क्यांपर्यंत जावं लागतं. भाजलेल्या रोग्याच्या जखमेत, व्हेंटिलेटरच्या नळीत, म्हणजे जिथे नवं औषध सर्वांत जास्त हवं आहे, तिथे हाच स्यूडोमोनास बसलेला असतो.

आता प्रयोगशाळेची बशी. आपल्याकडच्या कुठल्याही विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.चे प्रकल्प अहवाल काढा, चार-दोन तरी असे निघतील: अगारवर जीवाणू पसरले, कागदाच्या चकतीवर तेलाचे थेंब टाकले, दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीने मोजलं. इतके मिलिमीटर म्हणून इतकं प्रभावी. ही पद्धत बनली ती पाण्यात विरघळणाऱ्या प्रतिजैविकांसाठी. तेल अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे जोरदार तेलाचं वर्तुळ लहान येऊ शकतं. उलट ते उडून बशीभर पसरतं, कधी शेजारच्या बशीतही, आणि तिथलेही जीवाणू दबतात. तेल पाण्यात मिसळावं म्हणून ट्वीन नावाचा साबणसदृश पदार्थ घालावा, तर तो तेलाची धार कमी करतो. ऑस्ट्रेलियातल्या हॅमर, कार्सन आणि रायली यांनी 1999 साली 52 वनस्पतींची तेलं आणि अर्क दहा सूक्ष्मजंतूंवर एकाच पद्धतीने तपासले. दोन टक्के किंवा त्याहून कमी प्रमाणात सगळ्यांना रोखणाऱ्या मोजक्या तेलांत आपला गवती चहा होता. अशी एकसारखी मोजणी हवी. मिलिमीटरांची तुलना करून क्रमवारी लावणाऱ्या निबंधांचा मला कंटाळा आला आहे, आणि त्यांची संख्या काही घटत नाही.

त्या टक्क्यांकडेही नीट पाहायला हवं. अर्धा टक्का म्हणजे मिलिलिटरला पाच मिलिग्रॅमच्या घरात. थायमॉलसारखं शुद्ध द्रव्य यापेक्षा कमी प्रमाणात चालतं, तरी मिलिग्रॅमच्या दशांशांत. चांगलं प्रतिजैविक संवेदनशील जीवाणूला मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी प्रमाणात रोखतं. हा फरक शेकडो ते हजारो पटींचा आहे. शिवाय तोंडाने घेतलेलं मेंथॉल किंवा थायमॉल यकृत लगेच पकडतं, त्याला साखरेसारखा रेणू जोडतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. रक्तात ते कधीच त्या पातळीला पोचत नाही, आणि पोचवायला गेलं तर आधी माणूस आजारी पडेल. अंकुशकृमीच्या पथ्याचा अर्थ हाच होता.

म्हणून या तेलांनी खरं काम केलं ते शरीराच्या काठावर. सर्वांत भक्कम पुरावा तोंडाचा आहे. 1879 साली अमेरिकेत निघालेल्या लिस्टरिनमध्ये थायमॉल, निलगिरीचं सिनिऑल, मेंथॉल आणि मिथिल सॅलिसिलेट ही चार द्रव्यं आहेत, प्रत्येकी एक दशांश टक्क्याहूनही कमी. तरी अर्धा मिनिट चूळ खेळवली की ती दातांवरच्या थराला भिडतात. अमेरिकेच्या दंतवैद्य संघटनेने 1987 साली दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज यांवर लिस्टरिनला मान्यतेचा शिक्का दिला. दंतवैद्याच्या खोलीत शिरताच येणारा लवंगेचा वास तसाच कमावलेला आहे. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचा लेप तात्पुरतं भरण म्हणून एकोणिसाव्या शतकापासून चालत आला. तो ठणका शमवतो आणि जंतूंनाही आवरतो.

त्वचेचा हिशेब मधला आहे. मुरुमांवर पाच टक्के टी ट्री आणि पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर झाली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीचा परिणाम उशिरा दिसला, पण जळजळ कमी झाली. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जीवाणूंवर 2004 साली ब्रिटनमध्ये 224 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचाराने 49 टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले, टी ट्रीने 41 टक्के. या आकड्यांच्या आत डोकावलं की जागेचा प्रश्न पुन्हा समोर येतो. त्वचेवर आणि वरवरच्या जखमांत टी ट्री सरस ठरलं, नाकात मात्र नेहमीच्या उपचारातल्या म्युपिरोसिन मलमाने त्याला सहज मागे टाकलं. नैसर्गिक म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी आणि गावठी म्हणून हसणाऱ्यांनी, दोघांनीही ही चाचणी वाचावी.

स्वयंपाकघराबद्दल लोकांना जास्त कुतूहल असतं. फोडणीमुळे भाजी टिकते का? बिलिंग आणि शर्मन या संशोधकांनी 1998 साली 36 देशांच्या साडेचार हजारांवर पाककृती मोजून म्हटलं की उष्ण देशांत मसाले जास्त वापरतात, कारण ते जंतू मारतात. कल्पना इतकी सुबक होती की ती सगळीकडे उचलली गेली. 2021 साली दुसऱ्या एका गटाने 70 पाकशैलींच्या 33 हजारांहून अधिक पाककृती घेऊन तपासलं तेव्हा ती टिकली नाही. हवामान किंवा आजारांचा धोका यांनी मसाल्यांचं प्रमाण समजावता येत नाही, असं निघालं. मला स्वतःला पहिल्यापासून शंका होती ती प्रमाणाची. बशीत पुरणारं तेल अन्नात पुरत नाही, कारण अन्नातली चरबी आणि प्रथिनं ते गिळून टाकतात. सॅरा बर्ट यांच्या 2004 सालच्या आढाव्यात नोंद आहे की तोच परिणाम हवा असेल तर कमी स्निग्धाच्या दुधात दुप्पट, सूपमध्ये पन्नासपट आणि मऊ चीजमध्ये पंचवीस ते शंभरपट तेल लागतं. तेवढ्या लवंगेचं सूप कोण पिणार? लोणचं टिकतं ते मिठाने, आंबटपणाने आणि वरच्या तेलाच्या थराने. हिंग-मोहरीचा हातभार असेल, पण श्रेय त्यांना देऊ नये.

पशुखाद्यात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. कोंबड्या आणि डुकरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून बंदी घातली, आणि ओरेगानो, दालचिनी, थाइम यांच्या तेलांच्या मिश्रणांना बाजार मिळाला. भारताने 2019 साली पशुखाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं. त्याने रिकामी झालेली जागाही अशीच तेलं मागू शकतात. कोंबडीच्या आतड्यात तेल थेट जंतूंना भेटतं, म्हणून इथे आशेला जागा आहे.

हवेतून येणाऱ्या तेलाबद्दल मात्र आपली फसगत झाली आहे. बंद डब्यात दालचिनी, थाइम आणि गवती चहाची वाफ श्वसनमार्गाचे जीवाणू मारते, हे जपानमध्ये 2001 साली नीट मोजून दाखवलं गेलं. पण डबा बंद होता. 2021 सालच्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब घातलेली पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा निरोप मोबाइलवर फिरला आणि ऑक्सिजनसाठी वणवण करणाऱ्या घरांनी त्या पुरचुंड्या बांधल्या. लोकांना तसं वाटण्याचं कारण शरीरशास्त्रात आहे. मेंथॉलसारखी द्रव्यं नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना छेडतात. हवा पूर्वीइतकीच आत जाते, पण मोकळं झाल्यासारखं वाटतं. सर्दीत हा भास सुखाचा आहे. ज्याचा ऑक्सिजन 85वर आला आहे त्याच्यासाठी तो घातक, कारण दवाखान्यात जायला उशीर होतो.

2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट प्रतिजैविकरोधी जीवाणूंमुळे झाले असा अंदाज आहे, तेव्हा जुनं काहीही पुन्हा तपासायला हवं यात शंका नाही. माझी आशा आहे ती जोडीच्या उपायावर: तेल जीवाणूचा पडदा सैल करतं आणि कमी पडलेलं प्रतिजैविक आत शिरतं. बशीत हे अनेकदा दिसलं आहे. लेप, जखमेची पट्टी, कॅथेटरवरचा थर, इथे ते माणसांवर तपासायला हवं. देशात लखनौच्या 'सीमॅप' संस्थेने आणि अरोमा मिशनने मेंथा, गवती चहा, रोशा यांची लागवड वाढवली. तेल भरपूर आहे. प्रत्येक पिंपाबरोबर घटकांचा तपासणी अहवाल आणि प्रत्येक दाव्याबरोबर माणसांवरची चाचणी, यांची टंचाई आहे.

तोवर घरातल्या बाटल्यांचं काय? लेपाला, चुळीला, दाताला, त्यावर लिहिलेल्या प्रमाणात, चालतील. पिऊ नयेत. लवंगेचं तेल प्यायल्याने लहान मुलांचं यकृत निकामी झाल्याच्या नोंदी आहेत, निलगिरी आणि कापराने मुलांना झटके येतात. सांधेदुखीवर चोळतात ते विंटरग्रीनचं तेल एक चहाचा चमचा पोटात गेलं तर त्यात ॲस्पिरिनच्या वीसएक मोठ्या गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. तान्ह्याच्या नाकाखाली यातलं काहीही लावू नका, आणि बाटली देवघराच्या खालच्या फळीवर असेल तर आजच वर ठेवा.